निंबापर्यंतचा उतार

बाबा, पेट्रोल पुन्हा वाढलं. तुमी असते तं घरी आल्याबरोबर मी पयले हेच सांगतलं असतं, म्हून हेच पयले लिहून राहिली. पंपावरचा पोट्टा "ताई, फुल करू का?" विचारते अन् स्वतःच हसते. तुमी मले इंग्लिश मिडियममध्ये टाकलं ते माह्या हातात पाना येऊ नये म्हून, अन् मी बसली तुमच्याच गाडीवर, तुमचीच बॅग घेऊन, गावोगाव फ्रीज-एसी दुरुस्त करत. आयटीआय केलं, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर शिकली, पीसीबी स्वतः सोल्डर करते. लय मजा येते बाबा, खरंच. बंद पडलेला फ्रीज पुन्हा गुरगुरला का मले अजून टाळी वाजवाविशी वाटते. फक्त फ्रीजपर्यंत पोचणंच महाग झालं. आता चांदूर बाजारचे दोन-चार कॉल जमल्याशिवाय मी तिकडं गाडी काढत नाई, अन् नांदगाव खंडेश्वरचे सगळे मंगळवारी. लोकायले वाटते पोट्टी भाव खाऊन राहिली. चांदूर बाजारच्या एका आजीनं चार्ज ऐकला अन् म्हणे, "नुसते येण्याचेच एवढे? इमानात बसून आली काय वो पोरी?" मी म्हटलं, "आजी, इमान परवडलं असतं." ती हसली, चहा पाजला, अन् पैसे तिच्या मनानंच दिले.

मंग मी तुमची जुनी युक्ती काढली. नांदगावच्या रस्त्यावरचा तो लांब उतार. वरती पांढरा दगड, खाली नाल्यावरचा ठेंगणा पूल, तो रपटा, अन् रपट्याच्या पलीकडं थोडा चढ चढून एकटंच निंबाचं झाड. दगडापाशी तुमी गाडी न्यूट्रल करता, चाबी फिरवता, अन् एकदम सगळं शांत होते. मी मांगं बसली आहे, सुट्टीचा दिवस आहे, माह्या मांडीवर तुमची बॅग. मी काही विचाराले गेली का तुमी म्हणता, "बोलजो नको, ऐक. इंजिन बंद झालं का गाडी खरं बोलते." मले फक्त चेनचा आवाज येते, अन् वारा. एकदा मी विचारलं, आपण निंबापर्यंत काहून जातो, तुमी तं म्हणता एकटे असले का रपट्यावरच थांबते. तुमी मले दगडापाशी उभं केलं अन् एकटे गेले. मी वरून पाह्यलं. गाडी रपट्यावर गेली, हळू झाली, थांबली. तुमी तिथून हात हलवला. मंग चढून परत आले, मले बसवलं, अन् आपण दोघं रपटा ओलांडून निंबाखाली जाऊन थांबलो. "पाह्यलं? माणूस संगं असला का गाडी पुढं जाते." पुढं कॉलेजात मी वजन, हवेचा रेझिस्टन्स, सगळं शिकली, अन् हिशोब तुमच्याच बाजूनं निघाला. तेव्हा तुमाले सांगाले तुमी नव्हते.

या उन्हाळ्यात पयल्यांदा एकटीनं तो उतार घेतला. भर दुपार, डांबर पातळ झालेलं, एक पाखरू बोलत नव्हतं. दगडापाशी चाबी फिरवली. गाडी रपट्यावर आली, हळू झाली नाई. रपटा ओलांडला, चढ चढली अन् निंबाखाली थांबली. अशी, की कोणी हळूच ब्रेक दाबला असं वाटावं.

मले आनंदच झाला, बाबा. वाटलं मी चेनले ऑइल केलं, बेअरिंग बदलल्या, त्याचा रिझल्ट आहे. टेक्निशियनच्या ग्रुपवर लिहिलंही. एक जण म्हणे, बॅग अन् गॅसच्या सिलेंडरचं वजन असन. पण बॅग तं तुमच्याजवळही राह्यची. तरी पुढच्या मंगळवारी मी बॅग, सिलेंडर सगळं दगडापाशीच्या चहावाल्याजवळ ठेवलं अन् रिकामी उतरली. निंब. मंग वाटलं वारा मांगून असन. समोरून धूळ डोळ्यात जात असताना उतरली. निंब. शेवटी चहावाल्याच्या पोराले त्याची गाडी बंद करून सोडाले लावली, माह्यासारखाच बारीक आहे तो. रपट्यावर थांबला अन् तिथूनच ओरडला, "ताई, धक्का माराले या आता!" मी हसली. पण मंग माही गाडी सुरू करण्याआधी मी तिचं मांगचं चाक हातानं फिरवून पाह्यलं.

इकडं घरी मामाचा फोन. अकोल्याच्या मामाले आता इलेक्ट्रिक गाड्याच्या शोरूममध्ये नोकरी लागली आहे, तो सगळ्या नातेवाईकायले गाडी विकून राहिला. "अवं पोट्टे, दिवसभर मायलेज मायलेज करतं, मंग पेट्रोल काहून भरतं? जुनी गाडी एक्सचेंजमध्ये दे. शुक्रवारी माणूस येते, घेऊन जाते." त्याचं खरं आहे. पेट्रोल असंच राह्यलं तं पावसाळ्याच्या आत मले नांदगाव सोडावं लागन, मंग चांदूर बाजार, अन् आपल्या अमरावतीच्या चार गल्ल्यात किती फ्रीज बिघडन? मी हो म्हटलं. संध्याकाळी आई भाकरी थापत होती, तिले सांगतलं. तिले बरंच वाटलं. त्या गाडीवर ती तुमच्यानंतर एकदाही बसली नाई, विहारात जायचं तरी ऑटो करते. मी आपली जुन्या गाडीचं कौतुक करत म्हटलं, "जाऊ दे, पण काय गाडी आहे आई! एकटीले घेऊन बंद इंजिनवर निंबापर्यंत जाते."

आईचा हात भाकरीवर थांबला. "कोन्या निंबापर्यंत?"

"नांदगावच्या रस्त्यावर. रपट्याच्या पलीकडं."

तवा धुपत राह्यला. मंग ती म्हणे, "त्याच निंबाखाली सापडले तुहे बाबा."

मले आजपर्यंत एवढंच माहीत होतं की रस्त्यावर छातीत दुखलं. मी सातवीत होती, त्याच्यापेक्षा जास्त कोणी सांगतलं नाई, मी विचारलं नाई. आईनं सांगतलं तुमी खोडाले पाठ टेकवून बसले होते, हेल्मेट मांडीवर. गाडी स्टँडवर, चाबी बंद. "ज्या दूधवाल्यानं पाह्यलं ना, त्यानं मले पयले हेच इचारलं, बाई, संगं कोन होतं? मी म्हटलं कोनी नाई, पोरगी शाळेत होती. तं म्हणे, मांगचे फूटरेस्ट दोन्ही उघडे होते." आईनं भाकरी उलटवली. एक बाजू काळी झाली होती. "मी म्हटलं रायले असन उघडे. देऊन टाक ते गाडी."

पण तुमी ते कधी उघडे ठेवत नव्हते बाबा. मी उतरली का पयले पायानं मिटवत, पायाले लागते म्हणत. अन् एकटे तुमी रपट्यावर थांबता. मी वरून पाह्यलं आहे. मंग त्या दिवशी निंबापर्यंत कसे गेले? तुमच्या मांगं कोण बसलं होतं? तुमी त्याले पाह्यलं का, का माह्यासारखं मान न वळवता उतरले? मी मान वळवत नाई. दगडापाशी सीटखालचा मांगचा शॉकअप जरासा दबते, कोणी अलगद टेकल्यासारखा, तेव्हाही नाई. भीती वाटते, पण कोणाची ते नक्की सांगता येत नाई. मांगं तुमी असान तं भीती कायची, अन् तुमी नसान तं तो तुमाले नेणारा, एवढंच मले समजते.

हे सगळं मोबाईलवर लिहिलं. तुमचा नंबर अजून सेव्ह आहे, पण तो आता कोण्या बाईचा आहे, डीपीवर गुलाबाचं फूल. तिले पाठवून काय करू. शुक्रवारी एक्सचेंजवाला आला, तं मी त्याले परत पाठवलं. मामाले सांगतलं, इलेक्ट्रिकची रेंज नांदगावले पुरत नाई. आईलेही तेच सांगतलं. ती मले पाहत राह्यली. रेंज पुरते, बाबा. मी हिशोब केला आहे. अन् चांदूर बाजारच्या आजीनं तं चार्जिंगसाठी तिच्या ओट्यावरचा प्लगही दाखवून ठेवला. पण मंगळवार आला का मी दगडापाशी थांबते, खाली उतरते, मांगचे दोन्ही फूटरेस्ट माह्या हातानं उघडते, अन् मंग सीटवर जराशी समोर सरकून बसते.