द्विवचन

झांझिबार, २६ फेब्रुवारी १८९८

आज सकाळी वकिलातीत दुभाषी म्हणून राहावयास आलो. सामान बेताचेच होते: ग्रंथांच्या पेट्या, थोडे कपडे आणि कलमदान. कॉन्सल ओत्तेसेन स्वतः जिन्यापर्यंत सामोरे आले. एवढ्या चिमुकल्या राष्ट्राच्या प्रतिनिधीस एवढे प्रचंड घर पाहून मला हसू आवरेना. माझी खोली हवेशीर असून खिडकीखाली लवंगांची गोदामे आहेत. ग्रंथांनाही आता लवंगांचाच वास लागेल.

माझा अपराध येथे नमूद करून ठेवतो. राज्यारोहणाचा जाहीरनामा इंग्रजांच्या तोफांच्या छायेत घाईने निघाला आणि त्यात व्याकरणाच्या ढळढळीत चुका राहिल्या. मशिदीत कोणी विचारले, म्हणून मी त्या सांगितल्या. दरबाराने त्यास राजद्रोह ठरविले. तेव्हापासून दरबारचे प्यादे माझ्या पाळतीवर आहेत; परंतु परराष्ट्राच्या दुभाष्यास त्यांना हात लावता येत नाही. उंबऱ्याच्या आत आहे तोवर मला अभय आहे. या वयात तुरुंगातील ओल सोसण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

स्वयंपाकी माबरूकी याने नारळाच्या रसातील मासा उत्तम केला होता. तो सायंकाळी आपल्या घरी जातो. घरात राहणारे कॉन्सल आणि मी, असे दोघेच. तरी त्याने ताटे मात्र तीन मांडली. पाहुण्यासाठी असावे.

४ मार्च

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दरबारचे कारभारी सय्यद हमूद हलव्याचे ताट घेऊन येतात आणि उंबऱ्यावर उभे राहून सुलतानांचे अभयवचन म्हणतात: या घरात जे राहतात, ते सर्व आमच्या अभयात आहेत. वचन जुने आहे, उच्चार स्वच्छ आहे. परंतु संख्या चुकीची आहे. आमच्या अरबी भाषेत दोघांकरिता द्विवचन आहे. अनेकवचन तिघांपासून पुढे.

कॉफी घेताना मी ही चूक त्यांच्या निदर्शनास आणली. हमूद हसले. म्हणाले, शेख मुहन्ना, जाहीरनाम्यानं पोट भरलं नाही वाटतं? आता आमच्या तोंडातले शब्दही निवडायला बसलात? मग हसू आवरून म्हणाले, बापजाद्यांपासून असंच म्हणतात, राहू द्या.

कॉन्सलना मात्र माझी सूचना फार आवडली. या अनेकवचनाच्या आडोशाने आपण भलत्याच लोकांना आसरा देतो, अशी इंग्रज वकिलातीची जुनी तक्रार आहे. संख्या शुद्ध झाली की तंटा मिटेल. त्यांनी लगेच मसुदा करविला. संरक्षक इंग्रज सरकारचा शिक्का उमटला की तो दरबारास बंधनकारक. बऱ्याच दिवसांनी माझ्या विद्येचे चीज झाले.

१ एप्रिल

आज अभयवचन द्विवचनात झाले. या घरात जे दोघे राहतात, ते दोघे आमच्या अभयात आहेत. कान निवले. हमूदनी कॉफीस स्पर्श केला नाही. दुसरीकडे काम आहे म्हणाले आणि गेले.

जेवणास ताटे दोन. एक कॉन्सलसमोर. दुसरे मेजाच्या टोकाशी, जेथे कोणीच बसत नाही तेथे. माझ्यासमोर काही नाही. मी माबरूकीस हटकले. तो गोंधळून म्हणाला, दोघांचंच जेवण ना, शेख? तुम्हीच सांगितलंत की. मग त्याने माझे ताट आणले, परंतु आत जाताना पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत होता.

५ एप्रिल

माबरूकी सलाम न करता जवळून गेला. कॉन्सलनी पत्र सांगितले; पण माझ्याकडे नव्हे, मेजाच्या टोकाकडे पाहून. मी लिहून घेतले. त्यांनी ते हाती घेतलेच नाही. पत्र टपालात गेले आहे, असे नंतर कळले. कोणते पत्र?

८ एप्रिल

हमूदना निरोप धाडून बोलाविले. ते आले, पण उंबऱ्याच्या आत येईनात. मी खडसावून विचारल्यावर बोलले.

पहिल्या कॉन्सलच्या काळी, गादीचा हक्क हरलेला एक राजपुत्र धावत या घरात शिरला व निशाणाच्या काठीस मिठी मारून बसला. तेव्हाच्या सुलतानांनी कॉन्सलच्या भिडेखातर वचन दिले की, या घरात आहे तोवर त्यास कोणीही नेणार नाही. हमूद म्हणाले, कोणीही म्हणजे कोणीही, शेख. मृत्यूचा अपवाद घालायचं कुणाला सुचलं नाही. त्याचं प्रेत निघालेलं या गावात कुणी पाहिलं नाही. म्हणून आम्ही त्याला धरून मोजत होतो. तुम्ही एकाला वगळलंत. तो तर तुमच्या आधी आलेला, आणि कॉन्सलला त्याचं सरकार मोजतं. मग वगळलं गेलं कुणाला?

मी म्हटले, पुन्हा अनेकवचनच म्हणा. ते म्हणाले, शिक्का इंग्रजांचा आहे. आता बदल करायचा तर विलायतेहून मंजुरी हवी. संरक्षित राज्य आहे आमचं. स्वतःच्या क्रियापदावरसुद्धा आमची सत्ता उरलेली नाही.

निरोप घेताना त्यांनी मला द्विवचनात सलाम केला. दारात मी एकटाच होतो. त्यांची दृष्टी माझ्या खांद्यामागे होती. मी वळून पाहिले नाही.

११ एप्रिल

माझ्यादेखत कॉन्सलनी विचारले, शेख कुठे आहेत. माबरूकी म्हणाला, वर लिहीत बसलेत.

वर गेलो. माझ्या खोलीस आतून कडी. आत बोरू कागदावर चालत होता. संथ. मध्येच थांबे, जसा मी शब्द निवडताना थांबतो.

१२ एप्रिल

ओरडून पाहिले. कॉन्सलची बाही धरली. त्यांनी माशी हाकलावी तसा हात झटकला.

खाली दाराशी गेलो. बाहेरच्या प्याद्यांनी मला पाहिले. त्यांनीच पाहिले. इतके दिवस ते नजर वळवीत. आज एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसले, म्हणाला, बघ, म्हातारा मोकळा झाला. आणि एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. कोणी हरकत घेतली नाही. हरकत घेण्याजोगे तेथे कोणी —

१३ एप्रिल

खोली उघडी आहे. माझा अंगरखा घालून माझ्या मेजाशी बसला आहे. तोंड भिंतीकडे. मानेची कातडी जुन्या चर्मपत्रासारखी. रोजनिशी त्याच्या हाताशी होती. उचलली. त्याने अडविले नाही. दारात उभा राहून लिहितो आहे

जिन्यावर पावले. जड. प्याद्यांची. माबरूकी त्यांना वाट देत आहे, घरात कोणी भुरटा शिरलाय म्हणून सांगत आहे

त्याने रोजनिशी मजकडून घेतली. वाचली. परत दिली. वरच्या ओळीत ‘बसला आहे’ खोडून ‘बसलो आहे’ केले आहे. शाई ओली आहे. अक्षर माझे. वाक्य शुद्ध आहे, त्यात मला काहीही दोष काढता येत ना