मांडवातली ती

माघ शुद्ध २, शके १८३०
मेला तो मांडव! जुन्नरभर त्याचंच कौतुक. वर पत्र्याचं छप्पर, आत कुस्तीचा हौद. हौदावर फळ्या टाकल्या की नाटक, फळ्या काढल्या की सर्कशीची कुत्री. पार आणे गावच्या पठारावरून गाड्या जुंपून लोक येतात. 'केवलशेठनी गावाला पुणं दाखवलं!' — जो तो हेच. आणि केवलशेठची बायको? ह्यांना जेवायलासुद्धा निरोप धाडून बोलवावं लागतं.

माघ शुद्ध ५
नाटकमंडळी आली. नायिका म्हणे भगवंत नावाचा कुणी — मिशी काढलेला पुरुष! सकाळपासून ह्यांच्या तोंडी तोच. 'काय चालतो! काय पदर सावरतो! बायकांनी शिकावं त्याच्याकडून.' माझ्याकडे बघून म्हणाले. मी दळण निवडत होते. निवडत राहिले.

शुद्ध ६
तो आता रोज आपल्याकडे जेवणार. आपल्या जैनांच्या रीतीप्रमाणे, दिवस मावळायच्या आत. मला विचारलंसुद्धा नाही. मी तोंड फिरवून वाढलं. 'वहिनी, कढी सुरेख झालीय.' मेला टक लावून बघतो!

शुद्ध ७
आज भाकरी ताटात आपटली.

शुद्ध ८
ह्यांनी त्याच्यासाठी माझा शालू मागितला! लग्नातला! 'गॅसच्या उजेडात काय खुलेल त्याला!'
मी नेसले तेव्हा नव्हता खुलला? — अगदी ओठांवर आलं होतं. पेटीतून काढून दिला. हे तो दोन्ही हातांवर घेऊन गेले, देवाचं वस्त्र असावं तसा.
चुलीपुढे बसून रडले. सवत आणली असती तर ती निदान बाई तरी असती!

शुद्ध ९
देवा, पाय घसरून पडू दे त्याला. भर मांडवात. माझ्या शालूसकट.

शुद्ध ११
काल मीही नाटकाला गेले. शेजारच्या बांगडीवाल्या कासम मणियाराची झुबेदा ओढतच घेऊन गेली. बायकांसाठी बांबूच्या काड्यांचा चिक लावलाय, त्यामागे बसलो.
पडदा वर गेला. नायिका रुसलेली. नवऱ्याला वाढतेय, तोंड भिंतीकडे. पदराचं टोक दातांत. भाकरी आपटली. जाता जाता वळली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदाच बघितलं. पत्रे दणाणले! 'वन्समोर! वन्समोर!'
झुबेदानं माझं मनगट गच्च धरलं. 'पानबाई! आगं, ही तर तूच न्हाई का! लई हुबेहूब!'
माझा राग — आणि सगळं गाव त्याच्यावर खूश! हे पुढच्या खुर्चीत बसून डोळे पुसत होते.
घरी आल्यावर म्हणतात, 'बघितलंस? रुसावं तर असं. तुला जन्मात जमायचं नाही.'

शुद्ध १२
ह्यांना वाढलं. तोंड फिरवून. जायला वळले. ह्यांचा घास हातातच राहिला.
'थांब... परत एकदा वळ बघू.'
मी वळले नाही.