बांगड्यांचं माप

सोमवार, संध्याकाळ

संपाला दीड महिना झाला. जो कामावर जाईल त्याला डेपोच्या गेटवर बांगड्यांचा आहेर करायचा, असं काल युनियनच्या बैठकीत ठरलं. कंडक्टरांत बाई मी एकटीच, म्हणून आणायला मलाच पाठवलं. "ताई, तुम्हाला त्यातलं कळतं." शहागंजात दुकानदारानं माप विचारलं. काय सांगणार? माझंच सांगितलं. हिरव्या काचेच्या, एक डझन.

आज सकाळी गेटातून आत निघाले ते नेमके जाधव भाऊ. चार वर्षं माझ्या गाडीचे ड्रायव्हर. बांगड्या भरायलाही मलाच पुढं केलं. भाऊंनी हात पुढं धरला. पहिलीच बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडकली. मी दाबली, तर फुटून त्यांच्या हातात रुतली.

"ताई, माप तुमचंच घेतलं व्हय?" एवढंच म्हणाले. मागं सगळे हसत होते. मी पण हसले का? हसले असेन.

रक्तावर रुमाल बांधून ते गाडी घेऊन गेले. आमच्या मागण्या खऱ्या आहेत. युनियन नसती तर आम्हाला कुणी विचारलंही नसतं. पण मग तो हात? अन् बांगड्या घालून इतकी वर्षं मी तिकिटं काढतेय, त्यांची लाज मला कधी वाटली नव्हती.

मंगळवारपासून, म्हणजे उद्यापासून, कामावर येते, असं मी परवाच डेपोच्या साहेबांना कळवलंय. हे फक्त भाऊंना माहीत होतं, अन् गेटवर त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

अकरा बांगड्या उरल्यात. माझ्याच मापाच्या.