सहा चाकांची गाडी आणि तुझी शपथ

आई, मी एक गाडी घेतली आहे. घेतली त्याला आता चार वर्षं होतील, पण तुला सांगायचं राहून गेलं. तिला सहा चाकं आहेत, दोन्ही बाजूंना तीन-तीन, आणि स्टिअरिंग नाही. दोन दांडे आहेत. डावा ओढला की डावीकडची चाकं थांबतात आणि गाडी डावीकडे वळते. खालचं अंग प्लास्टिकच्या एका सलग मोठ्या टबासारखं आहे. त्यामुळे ती चिखलातून जाते आणि चिखल संपून पाणी लागलं तर चाकांनीच पाणी मागे लोटत तशीच पुढे तरंगत जाते. पाण्यात चालणारी गाडी, आई. तू आता काय म्हणशील ते मला ऐकू येतं आहे, पण आधी माझं ऐकून घे.

परतवाड्याला आम्ही दोघं एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या मागे भंगाराचं आवार होतं. पंगतीला वेळ होता म्हणून मी सहज तिकडे वळले. डोंगरावरच्या कुठल्याशा हॉटेलनं पाहुण्यांना फिरवायला आणलेली आणि मग टाकून दिलेली ही गाडी तिथे पडली होती. आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की पहिली पंगत उठली. नवरा शोधत आला. "काय पाहून राहिली?" मी म्हटलं, "ही घेऊ." तो म्हणाला, "घे, पण तिची अंडी उबवून झाल्यावर." त्याला वाटलं, मी कोंबडीबद्दल बोलते आहे.

अकोल्याच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. शाळा सुटली की पाच ते सात मी तिथेच. मुलांना विज्ञान शिकवते, पण साखळी गंजली की तिच्या कड्या कशा एकजीव होतात ते मला पुस्तकानं सांगितलं नव्हतं. त्या साखळ्या डिझेलमध्ये भिजवून मी जुन्या टूथब्रशनं एकेक कडी घासली. इंजिनासाठी गल्लीतले चाचा आले. फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. इंजिनाला कान लावून म्हणाले, "बेटा, मेलं नाही हे. रुसून बसलं हाय." टबाला तडे होते, म्हणून छतावरच्या पाण्याच्या टाक्या जोडणाऱ्याला बोलावलं. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या. "बाई, पाणी आत ठेवाचं हाय का भाईर?" "बाहेर," मी म्हटलं. "मंग उलटं काम हाय," तो म्हणाला, आणि बसला जोडायला. तपासायची त्याची रीत मात्र तीच, टाकीची. भरून पाहायचं. गाडी काठोकाठ पाण्यानं भरायची, खाली वाकून कुठून टपकतं ते बघायचं, तिथे खूण करायची आणि मागच्या बाजूचं बूच काढून पाणी सोडून द्यायचं. मग पुन्हा जोडायचं. असं आम्ही सतरा वेळा केलं असेल.

तीन वर्षं मी ही गाडी पाण्यासाठी तयार करत होते, आणि मी पाण्यात पाय टाकत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नवरा म्हणायचा, "जहाज तयार, कप्तान काठावर." तो हे प्रेमानं म्हणायचा. त्याला शपथेचं माहीत आहे.

तुला आठवत असेल. हिवरखेडला मामाकडे गेलो होतो. नदीवर गोधड्या धुताना माझा पाय घसरला आणि तू मला केसांना धरून ओढून काढलंस. मग मामीच्या स्वयंपाकघरात, चुलीसमोर, मी कुडकुडते आहे आणि तू माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवते आहेस. "आजपासून पाण्यात पाय टाकला त माह्यं मेलं तोंड पायशील." मी दहा वर्षांची होते. मी टाकला नाही. शाळेच्या सहलीत तलावाकाठी सगळ्यांच्या चपला राखत बसले. लग्नानंतर समुद्रावर गेलो तेव्हा कोरड्या वाळूवर उभी राहिले. आणि माझ्या सव्विसाव्या वर्षी तुझं मेलेलं तोंड पाहिलं. पाण्यात पाय न टाकता. तुझ्या अस्थी दादानं सोडल्या. मी घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होते. तेव्हाही विचार आला होता की आता ही शपथ कोणासाठी? पण इतकी वर्षं पाळलेली गोष्ट मोडायला काही कारण लागतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी, बार्शीटाकळीच्या पुढच्या एका पाझर तलावावर गाडी न्यायचं ठरलं. सकाळी शेडमध्ये शेवटचं एकदा भरून पाहिलं. एक थेंब गळला नाही. मी बूच काढून पाणी सोडलं आणि ते हरवू नये म्हणून ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. गाडी टेम्पोत चढली.

तलावाचा काठ उतरता आहे, गुरं उतरतात तिथे. चाचा तरंगायचं जाकीट घालून बसले, गाडी पाण्यात शिरली, चाकं फिरत राहिली आणि गाडी खरंच तरंगली. मी काठावर टाळ्या वाजवत होते. मग तिची मागची बाजू खाली जायला लागली. "बेटा, पाय ओले होऊन राहिले!" माझा हात ओढणीकडे गेला. चाचांनी घाईत दोन्ही दांडे ओढले, सगळीच चाकं थांबली, आणि इंजिन बंद पडलं. नवरा "थांब, मी जातो" म्हणून खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. त्या सुटेपर्यंत मी कमरेएवढ्या पाण्यात होते. एका हातानं मागचं चाक धरलं, दुसऱ्या हातानं पाण्याखाली चाचपून भोक शोधलं आणि बूच फिरवून घट्ट बसवलं.

वर पाहिलं तर नवरा एक बूट हातात घेऊन उभा. चाचांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते डब्यानं आतलं पाणी उपसत म्हणाले, "मास्तरीण बाई, बूच गाठीत बांधून गाडी तलावात धाडली! आता भिजलीच हाय त बस वर. गाडी तुही हाय."

मी जाकीट घातलं, वर चढले. इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. दांडे मी धरले. पाण्यात ती म्हशीच्या चालीनं जाते, आई, अजिबात घाई नाही. पलीकडच्या काठापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. आता शेडमध्ये तशीच दुसरी आली आहे, तिचं इंजिन या आठवड्यात उघडायचं आहे.

हे पत्र सुट्या भागांची यादी करते त्या वहीत लिहिलं आहे, आणि तिथेच राहील. एकच सांगते. त्या दिवशी घरी येताना नवऱ्यानं विचारलं, पाण्यात शिरताना आईची आठवण आली असेल ना? मी हो म्हटलं. ते खरं नाही. शिरताना डोक्यात फक्त बूच होतं, आणि नंतर तलावाच्या मध्यावर तर तेही नव्हतं. तासभर मी तुला पूर्ण विसरले होते, आणि मला खूप मजा येत होती.