दिलेलं विधान खरं माना

माय, आज नात परीक्षेचं पुस्तक घेऊन माझ्यापाशी बसली होती. बँकेच्या परीक्षेत तोच प्रश्न अजून येतो: एक मुद्दा मांडलेला असतो आणि खालच्या विधानांपैकी कोणतं त्याला बळकटी देतं ते ओळखायचं. तिला समजावून सांगितलं, चहा ठेवला आणि ओट्याशी उभ्या उभ्याच रडू आलं. या वयात हे शोभत नाही म्हणतात. शोभण्याचं मी कधी फार मनावर घेतलं नाही, तुला ठाऊकच आहे.

कारध्याच्या आपल्या घरात, ऐंशी साल उलटल्यानंतरचे ते दिवस. तू मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेस, मधूनमधून खोकतेस, आणि मी इंग्रजी प्रश्न मराठीत करून तुला वाचून दाखवते. एका गावानं धानाला नवं खत टाकलं, पीक वाढलं, म्हणून खत चांगलं. याला बळकटी कशानं? शेजारच्या गावात पाऊस तेवढाच, बियाणं तेच, फक्त खत नाही, आणि तिथं पीक वाढलं नाही, या विधानानं. तुझी कात्री पानावरच थांबते.

"कोनतं गाव? करडी का अड्याळ?"

"खरं गाव नाही वो माय, पेपरातलं आहे."

"मंग हे खरं कायवरून?"

"ते आपन पाहाचं नाही. खरं धरून चालाचं. मंग मुद्दा पक्का होते का, तेवढंच पाहाचं."

"अन् खोटं निघालं तं?"

"तं काय मार्क कापतेत!"

तू हसलीस, आणि हसता हसता पुन्हा खोकलीस. त्या खोकल्याची आम्हा सगळ्यांनाच सवय झाली होती.

मी पास झाले. नेमणूक नांदेडला निघाली आणि बाबा अडून बसले. मायचा खोकला वाढतोय, घरात बाईमाणूस पाहिजे, पोरगी जाणार नाही. त्यांचं चूक नव्हतं. मी चुलीत काटक्या सारत होते. मला जायचं होतं, आणि तुला टाकून जायचं नव्हतं. त्याच आठवड्यात तू मावशीला घेऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेलीस. परत आलीस ती नदीवरचा पूल चालून दमलेली, चपला काढता काढता दारातूनच बाबांना म्हणालीस, "डाक्टरनं छातीचा फोटो काढला. डाग वाळला म्हने. आता काहून तिले अडवून राहिले तुमी?"

बाबांनी पुढं काही विचारलं नाही. मीही नाही. पोरीनं जावं या तुझ्या म्हणण्याला एवढाच एक आधार कमी होता. तो तू आणून ठेवलास आणि आम्ही तो खरा धरून चाललो. मी पेटी भरली.

त्या सालची धानकापणी व्हायच्या आत तू गेल्याची तार आली. तुला पोचवून आल्यावर मावशी माझ्याजवळ बसली आणि बोलली. डॉक्टरनं तुला भरती व्हायला सांगितलं होतं, विड्या बंद करायला सांगितलं होतं, घरी कोणीतरी सतत लक्ष द्यायला हवं म्हणाला होता. घरी यातलं काही बोलायचं नाही, अशी पुलावर तू तिला शपथ घातलीस.

मायनं पोरीसाठी जीव ओवाळून टाकला, असं आजही लोक कौतुकानं म्हणतात. मी मान हलवते. पण माय, मला तुझा राग येतो. भयंकर राग येतो. नोकरी गेली असती तर गेली असती, परीक्षा पुन्हा देता आली असती. तू मला विचारलं नाहीस. जे मी निवडायचं होतं ते तू एकटीनं दारात उभं राहून ठरवून टाकलंस. हे लिहून कुठं धाडणार, म्हणून आजवर लिहिलंही नाही. हेही इथंच राहील.

आणि एक. खरं कळलं असतं तर मी थांबले असते, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. थांबले असते का, मला माहीत नाही. तुला बहुतेक माहीत होतं.