ताईचा गुडघा आणि दोन गोळ्या

सोम., ३ नोव्हें.
ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी. दोन वर्षं टाळाटाळ करून शेवटी हो म्हणाली. बिनलिफ्टची बिल्डिंग, तिसरा मजला. मार्चपासून खाली उतरलेली नाही. भाजीवाल्याशी भांडते तेही गॅलरीतून, दोरीला टोपली बांधून.
उद्या लघवीचा नमुना द्यायचा, कल्चरसाठी, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायला. "जरा जळजळ होतेय रे," म्हणाली. रिपोर्टमध्ये जंतू निघाले तर तारीख जाणार. माझ्याकडे गेल्या वर्षीच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या. एक दुपारी दिली, एक रात्री. चाळीस वर्षं पेपरात काढली. पान वेळेवर छपाईला सोडायचं, बाकी नंतर.

गुरु., ६
रिपोर्ट स्वच्छ. जंतू वाढले नाहीत. सानपाडा स्टेशनजवळून पेढे घेतले. ताई : "अजून गुडघा जुनाच आहे, सुऱ्या. पेढे कसले?" खाल्ले मात्र दोन.

शनि., ८
पहाटे ताईला हुडहुडी. ताप १०३. शेजारच्या चौघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. एवढ्या तापातही, "वरात निघाली, बँड कुठाय?" हॉस्पिटलमध्ये इंजेक्शनच्या आधी पुन्हा नमुना घेतला.

रवि., ९
ऑपरेशन रद्द. सर्जन ताईचे कागद उलटेपालटे करत होते. मंगळवारचा नमुना स्वच्छ कसा? बाहेर गाठून सांगितलं. दोन गोळ्या, माझ्या हाताने.
ते म्हणाले, "तुम्ही पेपरवाले ना?"
हो म्हटलं.
"आणि बातमीच दाबलीत?"
त्या रिपोर्टवर विसंबून सांधा बसवला असता, जंतू रक्तातून तिथे पोचले असते, तर नवा सांधाच काढायची वेळ आली असती. हे त्यांनी न चिडता सांगितलं. चिडले असते तर बरं वाटलं असतं.
ताईलाही सांगितलं. "गिळली मीच ना? अर्धी चूक माझी. पाणी दे."

मंगळ., ११
लॅबच्या डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. तिशीच्या असतील. काचेखाली प्लेट. जंतूंचा दाट थर, त्यावर टिकलीएवढ्या कागदी चकत्या, प्रत्येकीत वेगळं औषध. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण दिसतं. बहुतेक चकत्यांना जंतू अगदी चिकटून वाढलेले. दोनच रिंगणं.
"सगळ्यात भारी औषध द्या ना," मी म्हटलं.
"काका, तुम्ही म्हणता तसलं एक भारी औषध आकारानेच मोठं आहे. ते याच्या आत शिरतच नाही."
मग समजावलं. या जातीच्या जंतूला पेशीच्या भिंतीबाहेर आणखी एक आवरण असतं. त्यात बारीक दारं. अन्न तिथूनच घेतो, बरीचशी औषधंही तिथूनच आत जातात. औषधांचा मारा होत राहिला की काही जंतू दारं कमी करतात, अरुंद करतात. तरी काही शिरलं तर बाहेर फेकायला पंप. ताईच्या जंतूने नेमकं काय केलंय ते या प्लेटवरून कळत नाही, पण सुरुवात बहुधा त्या आवरणापासून.
माझ्या गोळ्यांचं? "ज्यांना लागू पडल्या ते मेले. ज्यांच्यात शिरल्या नाहीत ते थोडे उरले. थोडे म्हणून रिपोर्टला दिसले नाहीत. मग त्यांना रान मोकळं."
मी विचारलं, एवढा हुशार आहे तर सगळीच दारं बंद का करत नाही?
हसल्या. "उपाशी मरेल ना! एखादं दार ठेवावंच लागतं. आमचं काम त्याच दारावर चालतं."
रात्रीपासून त्या दोनपैकी एकाचं इंजेक्शन. त्यांचं वाक्य दिवसभर डोक्यात. एखादं दार ठेवावंच लागतं.

गुरु., १३
ताप ९९. ताईने हॉस्पिटलच्या उपम्याला नावं ठेवली. सुधारणा आहे.

बुध., १९
इंजेक्शनं पूर्ण. घरी. पुन्हा खुर्ची, या वेळी वर. माझ्या कपाटातल्या उरल्यासुरल्या गोळ्या काढल्या. तीन पाकिटं निघाली, एक कशाची तेही आठवेना. औषधाच्या दुकानात विचारलं, नष्ट करायला परत घेतात का. घेतो म्हणाला, वर विचित्र नजरेने पाहिलं.

मंगळ., २५
जळजळ नाही, ताप नाही. औषध संपून आठवडा होत आला, म्हणून आज पुन्हा नमुना. या मधल्या दिवसांत मी ताईला साधी खोकल्याची गोळीही दिली नाही. "आता मला लिमलेटची तरी देशील का?"

बुध., २६
दुपारी लॅबमधून फोन. चोवीस तासांत काही वाढलेलं नाही. "पण काका, प्लेट उद्या संध्याकाळपर्यंत ठेवणार. मगच लिहून देईन."
दहा मिनिटांत सर्जनच्या ऑफिसमधून. सोमवारी एक जागा रिकामी झालीय, पाचपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्याला देतो. ही गेली तर पुढची जानेवारीत.
ताई : "हो म्हणून टाक. उद्या काय वेगळं येणार आहे?"
मलाही तसंच वाटत होतं. पावणेपाचला फोन लावला. म्हटलं, रिपोर्ट उद्या संध्याकाळी येईल, तो हातात आल्यावर कळवतो. तोवर जागा राहिली तर ठीक, नाहीतर जानेवारी.
ताईने सगळं ऐकलं. खाटेवर आडवी झाली, दुखरा पाय सरळ वर उचलून धरायचा आणि मोठ्याने आकडे मोजायचे, असं सुरू केलं. ऑपरेशननंतरचा व्यायाम आहे तो. सहाच्या आकड्यालाच पाय टेकला.
"हा हिशोबात धरू नकोस," म्हणाली, आणि पुन्हा एकपासून.