म्हशीवर घातलेलं रडणं

सोमवार, १० फेब्रुवारी

म्हशीवर! माझं रडणं यांनी म्हशीवर घातलं! गळ्यात मोठमोठे हेडफोन आणि अक्कल एवढीच!

आज सिनेमाच्या कॉलेजात, वर्गात, चैताली नावाच्या पोरीचा सिनेमा लावला. म्हाताऱ्याची म्हैस मरते, त्याची बायको अंगणात बसून ऊर बडवते. तोंड त्या नटीचं, आवाज माझा. पोरं हसून हसून लोळली. हसण्यासाठीच केलाय म्हणे. मी मागे दाराशी उभी. एक जण वळून म्हणाला, "चंद्राकाकू, एक नंबर!" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२२ तारखेला हाच सिनेमा मोठ्या हॉलमध्ये लावणार. सगळं नाशिक बसून हसणार. मी होऊ द्यायची नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रोहित सरांकडे गेले. चहा नको म्हटलं. सरळ सांगितलं – ते रडणं काढा.

सर शांत माणूस. शांत माणसाचा मला जास्त राग येतो. म्हणाले, "चंद्राबाई, आवाज कुठलाही कुठेही बसतो. हे पोरांना कोणी शिकवलं? तुम्हीच ना?"

शिकवलं. खोटं कशाला बोलू. सहा वर्षांपूर्वी मी इथे झाडू मारायला आले. स्टुडिओत पोरं पडद्यावरच्या बाईची पावलं वाजवत होती. बाई चालतेय की रेडा, कळत नव्हतं. मी झाडू ठेवला, चप्पल काढली आणि चालून दाखवलं. डोक्यावर हंडा असलेली बाई पाऊल आपटत नाही, घासते. तेव्हापासून आठवड्याला दोन तास माझे. चौथी शिकलेली बाई सिनेमाच्या पोरांना शिकवते! सुपात तांदूळ फिरवले की पाऊस. वेफरचं पाकीट चुरगाळलं की जाळ. खरं काय ते बघू नका, कानाला काय पटतं ते बघा – हे माझंच बोलणं. सरांनी माझ्याच तोंडावर मारलं.

"पाकिटाचा जाळ चालतो, मग हे का नाही?"

 उत्तर घरी भाकरी थापताना सुचलं. पाकीट कोणासाठी चुरचुरत नाही!

बुधवार, १२ फेब्रुवारी

ही वही सरांनीच दिली होती, तासाला काय शिकवलं ते लिहायला. मग लिहितेच.

डिसेंबरात चैताली म्हणाली, "काकू, गावाकडच्या बाया कशा रडतात ते दाखवा ना. पाच मिनिटं फक्त." कोणाच्या मरणाला लागणार ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझीच चूक.

आमच्या पेठकडच्या पाड्यावर रीत आहे. माणूस मेलं की सासरहून आलेल्या लेकीनं वेशीपासून रडत यायचं. सूर धरून, मेलेल्याचं नाव घेऊन. मग बाकीच्या बाया तिच्या सुरात सूर मिळवतात. नाव घेतलं नाही तर ते रडणं कोणाचंच नाही.

गेल्या फेब्रुवारीत आये गेली. माझी गाडी घाटात बंद पडली. पोचले तर चितेचा जाळ विझलेला. वेशीवर बाया माझी वाट बघत उभ्या. मी तोंड उघडलं – आवाजच नाही!  सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत. मी म्हटलं, पाणी द्या. पाणी मागितलं मी! भाऊ सहादू सगळ्यांसमोर म्हणाला, "नाशिकला जाऊन दगड झाली ही. आयेसाठी रडायला बी येत नाय." त्यानंतर तो बोललाच नाही. ना दिवाळीला, ना राखीला. माहेर बंद.

आणि स्टुडिओत! भिंतींना फोम, दार लावलं की आपलाच श्वास ऐकू येतो. मी नाटक म्हणूनच सूर धरला. आणि तोंडातून आलं – आये गं, माझे भागीबाई! मग थांबलंच नाही. तिनं दिलेलं लुगडं आलं, तिची नागलीची भाकर आली, घाट आला, सगळं आलं. काचेपलीकडे पोरं अंगठे दाखवत होती. बाहेर आले तर टाळ्या. "काकू, एकाच टेकमध्ये!"

मी बादली उचलली आणि संडास धुवायला गेले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चैतालीनं हेडफोन लावून ऐकवलं. म्हणाली, "काकू, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी नाव कापलंय. तीन ठिकाणी. कोणाला कळणार पण नाही."

कापलंय! आयेचं नाव गेलं, म्हशीचं रडणं राहिलं. पोरगी मनानं भली आहे. भल्या माणसाला शिव्या तरी कशा द्यायच्या? डोळे भरून म्हणाली, "मी तुमचं काढते, दुसरं टाकते."

"पुसून टाक."

"सिनेमातून ना?"

"सगळीकडून. पहिलं आहे ते पण."

"काकू, ओरिजिनल गेलं की परत मिळत नाही."

"मेलेलं माणूस मिळतं का? पूस!"

इथल्या कॉम्प्युटरवरचं माझ्यासमोर पुसलं. म्हणाली, एक कॉपी विंचूरला घरच्या डिस्कमध्ये आहे. मी म्हटलं, त्यातलंही. "उद्या घरी जातेच आहे, गेल्यावर पुसते."

शनिवार, १५ फेब्रुवारी

सिनेमात आता इंटरनेटवरचं रडणं. कुठल्या देशातल्या बाईचं, कोण जाणे. कोणी हसलं नाही. बरं झालं. संपलं एकदाचं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुपारी फरशी पुसताना सहादूचा फोन. एक वर्षानं!

मी म्हटलं, "कोण मेलं?"

"कोणी नाय. आक्का, ते म्हशीचं हाय ना, पोरीनं मोबाइलवर दाखवलं." तो तुकडा पोरांनी आधीच सगळीकडे टाकलेला. "ते रडणं तुझं हाय."

"म्हशीचं आहे ते."

"मला येडा समजती का? तीन जागी मधीच तुटतंय. नाव घ्यायच्या जागी. तिथं आये होती ना?"

 फडक्याचं पाणी पायावर गळतंय.

"रडली ना तू. अन् मी तुला लय बोललो." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. हा आवाज कशानं काढतात ते मी पोरांना कधी शिकवलं नाही. मलाच माहीत नाही.

मग म्हणाला, "रविवारी वर्ष हाय आयेचं. ये. अन् ते पुरं रडणं आण, नावासकट. वेशीवर लावू. बाया उभ्या राहतील."

मी हो म्हटलं. हो म्हणून बसले!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चैतालीचा फोन बंद. मेसेज टाकलाय, तोच इथे उतरवते –

चैताली, विंचूरच्या डिस्कमधलं पुसलंस का? नसेल पुसलं तर हात लावू नकोस. पुसलं असशील तरी खरं सांग, ओरडणार नाही, मीच सांगितलं होतं. रविवारी मला वेशीवर उभं राहायचंय. गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर दे – भागीबाई आहे की गेली?